लाझारो स्पालान्झानी व अंधारी खोली

यंदा आमच्या शाळेच्या विज्ञानमंडळांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उपकरण बांधण्याचें मनांत घेतलें. टेबलावर ठेवलेलें लहानसें यंत्र स्वतःभोंवतीं सावकाश फिरत राहावें, समोरची भिंत, कपाट, बांक, दार हीं आपल्यापासून किती दूर आहेत तें त्यानें मोजावें, आणि त्या अंतरांवरून खोलीचा नकाशा आपोआप उतरावा, अशी त्यांची कल्पना. कल्पना चांगली, परंतु यंत्राला ज्ञानेंद्रिय कोणतें द्यावें, म्हणजे ज्यास आज सर्वत्र सेन्सर म्हणतात तो कोणत्या जातीचा घ्यावा, ह्यावरून मंडळींत दोन तट पडले. एक पक्ष ध्वनीचा, दुसरा प्रकाशाचा. वाद आमच्यापर्यंत आला तेव्हां आम्ही निकाल न देतां त्यांस एका माणसाची हकीकत सांगितली. सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं हाच प्रश्न त्यानें एका बंद खोलींत, छतास दोरे टांगून, वटवाघळांस विचारला होता. ती हकीकत सर्व विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ठाऊक व्हावी म्हणून येथें लिहितों.

लाझारो स्पालान्झानी ह्याचा जन्म १७२९ च्या जानेवारींत उत्तर इटलींतील स्कांदियानो नांवाच्या लहानशा गांवीं झाला. बाप वकील होता. मुलानेंही कायदाच शिकावा अशी त्याची इच्छा. आणि ती मानून, रेज्जो येथील जेसुइट पंथाच्या विद्यालयांतील शिक्षण संपल्यावर, लाझारो बोलोन्या विद्यापीठांत कायद्याच्या वर्गांत जाऊन बसला. त्याच शहरीं त्याची नात्यानें बहीण लागणारी लॉरा बासी ही विदुषी पदार्थविज्ञान शिकवीत असे. स्त्रियांनीं विद्यापीठाची पायरी चढणें हेंच ज्या काळीं नवल, त्या काळीं प्राध्यापकाच्या आसनावर बसलेली ही बाई! आमच्या वाचकांतील मुलींनीं तिचें नांव ध्यानांत ठेवावें. तिच्या सहवासानें लाझारोचें मन कायद्यावरून उडालें व सृष्टिविज्ञानाकडे वळलें. वाल्लिस्नेरी नांवाच्या एका पंडितानें मध्यें पडून बापाची समजूत घातली, आणि एका होऊं घातलेल्या वकिलाचा शास्त्रज्ञ झाला. पुढें त्यानें रोमन कॅथलिक धर्मसंस्थेची दीक्षा घेतली, व लोक त्यास आबे स्पालान्झानी म्हणून ओळखूं लागले. प्रथम रेज्जो, मग मोडेना, आणि १७६९ पासून मरणापर्यंत पाव्हिया, अशी त्याची अध्यापनाची तीन ठिकाणें.

त्याची जिज्ञासा कोणत्या विषयाकडे धांवेल ह्याचा नेम नसे. चपटा दगड तळ्याच्या पाण्यावर तिरपा फेकला असतां तो टप्पे घेत कां जातो, हा मुलांच्या खेळांतला प्रश्न. त्यावर त्यानें १७६५ सालीं लॅटिन भाषेंत निबंध लिहिला. त्याच वर्षीं त्याचा दुसरा, फार गाजलेला ग्रंथ बाहेर पडला. नीडहॅम ह्या इंग्रज धर्मगुरूनें मांसाचा रस उकळून, बाटलीस बूच मारून ठेवला होता, व कांहीं दिवसांनीं त्यांत सूक्ष्म जीव दिसतांच, निर्जीव पदार्थांतून जीव आपोआप उपजतो असा सिद्धांत मांडला होता. स्पालान्झानीस बुचाचा संशय आला. त्यानें कांचेच्या कुप्यांचीं तोंडें ज्वालेवर वितळवून पक्कीं बंद केलीं, रस पुष्कळ वेळ उकळला, आणि दाखवून दिलें कीं अशा कुपींत कांहींही उपजत नाहीं. नीडहॅमनें हार मानली नाहीं. इतक्या उकळण्यानें रसांतील जीवनशक्तीच नष्ट झाली असा त्यानें उलट आक्षेप घेतला. हा वाद पुढें शंभर वर्षांनीं पाश्चर ह्याच्या हातून मिटला.

अन्नाचें पचन पोटांत दळलें गेल्यानें होतें कीं विरघळल्यानें, हें ठरविण्यासाठीं त्यानें पाखरांवर प्रयोग केले, आणि तेवढ्यानें समाधान न होऊन भाकरीचे तुकडे तागाच्या पिशवींत शिवून स्वतः गिळले. मांस भरलेल्या लहान लांकडी नळ्याही त्यानें गिळल्या. जठरांतील रसच अन्न विरघळवितो असा त्याचा निर्णय झाला. पालकमंडळींनीं घाबरूं नये. आमच्या विज्ञानमंडळांत हा प्रयोग होणार नाहीं.

मोठेपणाबरोबर मत्सरही आला. १७८५ सालीं तो कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासास गेला असतां, पाव्हियांतील त्याच्याच कांहीं सहकाऱ्यांनीं विद्यापीठाच्या संग्रहालयांतील वस्तु त्यानें चोरून आपल्या गांवच्या घरीं नेल्याचा आरोप केला. चौकशी झाली, व १७८७ मध्यें तो निर्दोष ठरला. आरोप करणाऱ्यांवर तो पुढें फारच तुटून पडला असें चरित्रकार सांगतात. धर्माची दीक्षा घेतलेल्या पुरुषाच्या अंगीं क्षमा थोडी अधिक शोभली असती असें आम्हांस वाटतें. पण खोट्या आळाचा चटका ज्यास बसला नाहीं त्यानें हें सहज म्हणावें, हेंही खरें.

आतां आमच्या मुख्य विषयाकडे येतों. १७९३ सालीं स्पालान्झानी चौसष्ट वर्षांचा होता. त्याच्या घरीं एक पाळीव घुबड होतें. रात्रीं मेणबत्तीच्या मिणमिणत्या उजेडांतही तें खोलीभर नीट उडत असे; परंतु मेणबत्ती विझली, पुरा अंधार झाला, कीं तें भिंतींवर आपटे. घुबडास अंधारांत दिसतें ही लोकांची समजूत. तर त्यास दिसण्यासाठीं थोडा तरी उजेड लागतोच असें ठरलें. त्याच खोलींत त्यानें वटवाघळें सोडलीं. मेणबत्ती विझली तरी तीं पहिल्यासारखींच उडत राहिलीं! न भिंतीस लागलीं, न एकमेकांस. वाचकांनीं येथें एवढें लक्षांत घ्यावें कीं हीं वटवाघळें म्हणजे वडापिंपळावर उलटीं लोंबणारीं आपल्याकडचीं मोठीं फळखाऊ वटवाघळें नव्हत. तीं बहुतांशीं डोळ्यांनींच पाहतात. ज्यांस आपल्या खेड्यांतून पाकोळ्या म्हणतात, जीं जुन्या वाड्यांत व देवळांच्या गाभाऱ्यांत राहून तिन्हीसांजेस किडे टिपावयास बाहेर पडतात, तसल्या लहान जातीचीं तीं होतीं.

मनुष्यास जो अंधार वाटतो त्यांतही ह्या जीवांस कदाचित् अंधुक दिसत असेल, असा प्रथम तर्क झाला. म्हणून त्यानें त्यांच्या डोक्यांवर लहान टोप्या चढविल्या. टोपी घातलेलें वटवाघूळ खरोखरच अडखळूं लागलें, भिंतीवर जाऊन आपटलें. येथें एखादा उतावळा मनुष्य थांबला असता. डोळे झांकले, वाट चुकली. मग डोळ्यांनींच तें पाहतें, दुसरें काय? पण स्पालान्झानी थांबला नाहीं. त्यानें टोपी काढली व डोळेच निकामी करून पाहिले. आंधळें वटवाघूळ डोळस वटवाघळासारखेंच उडालें. छतापासून बारीक दोरे टांगून त्यानें खोलींत जणूं जाळें उभें केलें; आंधळीं वटवाघळें त्या दोऱ्यांमधून वळसे घेत, स्पर्श न होतां, पार गेलीं. मग टोपीनें काय केलें होतें? आज आपणांस उत्तर ठाऊक असल्यामुळें तें सोपें वाटतें. टोपीखालीं डोळ्यांबरोबर कानही झांकले गेले होते. एका झांकणाखालीं दोन इंद्रियें आलीं म्हणजे प्रयोग खोटें बोलत नाहीं, पण खरेंही सांगत नाहीं. कान ही गोष्ट अजून त्याच्या स्वप्नींही नव्हती.

ह्या प्रयोगांतील क्रौर्य आम्ही झांकून ठेवीत नाहीं. पाव्हियाच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यांतून त्यानें ५२ वटवाघळें धरून आणलीं, आंधळीं केलीं व मोकळीं सोडलीं. कांहीं दिवसांनीं पहांटे, तीं शिकारीहून परततांना, त्यांपैकीं चार पुन्हां हातीं लागलीं. त्यांचीं पोटें चिरून पाहतां डोळस वटवाघळांच्या पोटांइतकेच किडे त्यांतही भरलेले निघाले. आंधळा जीव नुसता अडथळा चुकवितो असें नव्हे, तर उडता किडाही पकडतो, हें त्यावरून सिद्ध झालें. सिद्ध झालें खरें. पण मुक्या जीवांस त्याची मोठी किंमत द्यावी लागली. त्या काळच्या शास्त्रज्ञांस ह्याचें कांहीं वाटत नसे. आज कोणत्याही शाळेंत असा प्रयोग करूं देत नाहींत, आणि तें योग्यच आहे.

डोळे नव्हेत, तर मग काय? त्यानें एकेक इंद्रिय वगळण्यास आरंभ केला. पंखांस हवेचा स्पर्श जाणवत असावा म्हणून अंगभर रोगण फांसलें. तरी तें उडालें. जीभ काढून पाहिली. त्यानेंही फरक पडला नाहीं. नाकपुड्या बुजवून पाहिल्या. वासाचाही आधार दिसेना. पांचांतील चार इंद्रियें अशीं बाद होत आलीं तेव्हां त्यास वाटूं लागलें कीं ह्या प्राण्यास आपल्याला अज्ञात असें सहावें इंद्रिय असलें पाहिजे. त्यानें निरनिराळ्या शहरांतील मित्रांस पत्रें लिहून आपले प्रयोग कळविले, व त्यांनींही ते करून पाहावेत अशी विनंति केली. आम्हांस त्याच्या सर्व चरित्रांत ही गोष्ट विशेष मोलाची वाटते. चोरीचा आळ सोसलेला, वादांत हार न मानणारा हा पुरुष आपला अपुरा शोध लोकांपुढें मांडून तपासून घेण्यास कचरला नाहीं.

उत्तर आलें तें जिनीव्हा शहराहून. तेथील शस्त्रवैद्य लुई ज्युरीन ह्यानें वटवाघळांचे कान बुजविले होते, आणि कान बुजतांच तीं आंधळ्यासारखीं वस्तूंवर आदळूं लागलीं होतीं. कानांनीं वाट पाहणें ही कल्पना कोणासही हास्यास्पद वाटावी अशीच. स्पालान्झानीनें १७९४ मध्यें स्वतः प्रयोग करून पाहिला, व तोच अनुभव आला. तरी शंका उरली. कानांत कांहीं कोंबल्यानें जी वेदना होते तिच्यामुळें तर प्राणी गोंधळत नसेल? म्हणून त्यानें पितळेच्या अगदीं लहान नळ्या करवून वटवाघळांच्या कानांत बसविल्या. नळ्या उघड्या असतां तीं नीट उडालीं. त्याच नळ्या बुजविल्या, आणि तीं आदळूं लागलीं. नळी तीच, वेदना तीच, फरक एवढाच कीं एकदां वाट मोकळी व एकदां बंद. ह्याहून स्वच्छ प्रयोग आमच्या तरी वाचनांत थोडेच आले आहेत.

पण कान काय ऐकतात? खोली तर निःशब्द होती. हें कोडें त्यास उलगडलें नाहीं. आपणांस मात्र आज तें उत्तर ठाऊक आहे. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. वटवाघूळ त्याहून पुष्कळ उंच स्वरांत ओरडतें, आणि त्या ओरडण्याचा प्रतिध्वनि किती वेळानें व कोठून परत आला ह्यावरून समोरच्या वस्तूचें अंतर व दिशा ओळखतें. आमच्या विद्यार्थ्यांच्या ध्वनिपक्षाचा सेन्सर हुबेहूब हेंच करतो. त्याचा आवाज बहुधा सेकंदास ४० हजार कंपनांचा असतो. ध्वनि साधारण तपमानांत सेकंदास ३४३ मीटर जातो. म्हणून तीन मीटरांवरील भिंतीचा प्रतिध्वनि सुमारें १७॥ सहस्रांश सेकंदानें परत येतो. एवढा वेळ मोजणें स्वस्तांतल्या यंत्रासही कठीण नाहीं. प्रकाशास मात्र त्याच येण्याजाण्यास सेकंदाचा सुमारें पांच कोटींवा भाग पुरतो! म्हणून कांहीं स्वस्त प्रकाशसेन्सर वेळ मोजीतच नाहींत. परतलेला अवरक्त किरण किती कोनांतून आला तेवढें पाहून ते अंतर ठरवितात, आणि त्यांतील पुष्कळांची मजल हात-दीड हाताच्या पलीकडे फारशी जात नाहीं. लेझरच्या किरणाचा वेळ खरोखर मोजणारे सेन्सरही आतां विद्यार्थ्यांच्या आवाक्यांत आले आहेत. परंतु त्यांतील लहान जातीची मजल साधारण दोन मीटर, आणि आमचा वर्ग तर त्याहून लांब.

मजल सोडली तरी प्रत्येकाचें आंधळेपण निराळें आहे, आणि निवडतांना खरें पाहावयाचें तें हेंच. ध्वनीचा झोत पसरट असतो. पंधरा अंशांचा झोत तीन मीटरांवर पाऊण मीटरांहून रुंद होतो, त्यामुळें अर्धवट उघडें दार व त्याची चौकट त्यास वेगळीं दिसत नाहींत. भिंत तिरपी असली कीं प्रतिध्वनि भलतीकडे निघून जातो. जाड पडदा ध्वनि गिळून टाकतो. उन्हाळ्यांत हवा तापली कीं ध्वनीचा वेग वाढतो व माप चुकतें. एका अंशास सेकंदामागें सुमारें ०.६ मीटर हा हिशेब यंत्रास शिकवावा लागतो. उलट प्रकाशाचा किरण बारीक, कोपरे नीट टिपणारा. परंतु खिडकीच्या कांचेंतून तो सरळ पार जातो, काळ्या वस्तूवरून पुरता परतत नाहीं, आणि दारांतून कडक ऊन आंत आलें कीं बावचळतो. कांच ध्वनीस दिसते, प्रकाशास नाहीं. दाराची फट प्रकाशास दिसते, ध्वनीस नाहीं. तेव्हां कोणता सेन्सर उत्तम असें न विचारतां, आपल्या खोलींत काय काय आहे हें आधीं पाहावें. आणि दोन सेन्सर एकत्र बसविले तर स्पालान्झानीच्या टोपीची आठवण ठेवावी. परीक्षा घेतांना दोहोंवर एकदम हात ठेवूं नये. एक झांकून पाहावा, मग दुसरा.

ह्यांतील कांहींही स्पालान्झानीस ठाऊक नव्हतें. वटवाघूळ कानांनीं वाट शोधतें, कसें तें कळत नाहीं, एवढ्यावर त्याचें काम थांबलें. ह्या विषयावर त्यानें मोठा ग्रंथ लिहिला नाहीं. जें काय होतें तें पत्रांत व टिपणांत राहिलें. १७९९ च्या फेब्रुवारींत, सत्तर वर्षांचा होऊन, तो पाव्हिया येथें मरण पावला.

त्याच्यामागें शोधाची दैना झाली. पॅरिसचा क्युव्हिए हा त्या काळचा प्राणिशास्त्रांतील मोठा अधिकारी. वटवाघळाच्या पंखांचें पातळ कातडें हवेचा स्पर्श ओळखतें, सहावें इंद्रिय नको व कानही नकोत, असें त्यानें स्वतः प्रयोग न करतां लिहून टाकलें. पंखांस रोगण फांसून केलेला प्रयोग कोणी आठवला नाहीं. नांव मोठें, म्हणून मत मोठें! वटवाघूळ कानांनीं पाहतें तर डोळ्यांनीं ऐकतें काय, अशीही थट्टा झाली, आणि जवळजवळ सव्वाशें वर्षें पाठ्यपुस्तकांतून स्पर्शाचाच पाठ चालला.

१९१२ च्या एप्रिलांत टायटॅनिक जहाज हिमनगावर आपटून बुडालें, आणि हजारावर माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां अंधारांत समोरची वस्तु ओळखण्याचा प्रश्न पुन्हां जगापुढें आला. हायरम मॅक्सिम ह्यानें वटवाघळाचें उदाहरण घेऊन जहाजांनीं आवाज सोडून प्रतिध्वनि ऐकावा असें त्याच वर्षीं सुचविलें. वटवाघूळ आवाज पंखांनीं करतें अशी मात्र त्याची समजूत होती. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें लांजव्हँ ह्यानें गारेच्या स्फटिकाच्या योगानें पाण्यांत न ऐकूं येणारा ध्वनि सोडून पाणबुड्यांचा ठाव घेण्याची युक्ति साधली. वटवाघूळही ऐकूं न येणारा आवाज वापरीत असावें, असा तर्क १९२० मध्यें हार्टरिज नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें मांडला.

तर्काचें प्रत्यक्ष अमेरिकेंत झालें. हार्व्हर्ड विद्यापीठांतील पिअर्स ह्या प्राध्यापकापाशीं उंच स्वराचे आवाज टिपणारें एक यंत्र होतें. डोनाल्ड ग्रिफिन हा तरुण विद्यार्थी १९३८ मध्यें पिंजऱ्यांतील वटवाघळें घेऊन त्या यंत्रापाशीं गेला, आणि जी खोली निःशब्द समजली जात होती ती आवाजांनीं भरलेली निघाली. पुढें ग्रिफिन व गॅलंबॉस ह्या दोघांनीं एका खोलींत सुमारें एकेक फुटाच्या अंतरानें उभ्या तारा ताणल्या व वटवाघळें त्यांमधून उडवून पाहिलीं. कान बुजविले कीं तीं आदळत, हें ज्युरीननें सांगितलेलेंच होतें. त्यांनीं तोंडही बांधून पाहिलें. तोंड बांधलें तरी तीं तशींच आदळलीं. आवाज करणारें तोंड व तो ऐकणारे कान, अशीं दोन्हीं अंगें तेव्हां जुळलीं. ह्या विद्येस प्रतिध्वनीनें स्थान ओळखणें अशा अर्थाचें इंग्रजी नांव ग्रिफिननें १९४४ मध्यें दिलें.

स्कांदियानो गांवच्या चौकांत स्पालान्झानीचा पुतळा उभा आहे. हातांत भिंग घेऊन तो एक बेडूक निरखीत आहे.